नागलीच्या डब्यातली चावी

आक्का,

सगळ्यात आधी माफ करा. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. ओळ कागदाच्या वर सुरू होते आणि उतारावरून घसरल्यासारखी खाली जाऊन संपते. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत शिकवलं असेल, पण माझ्याजवळ ते राहिलं नाही. मी किराण्याची यादी लिहिली की तुम्ही चष्मा वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "मंदे, हा कागद दुकानदाराला देऊ नको. तोंडी सांग. तो बिचारा डॉक्टरची चिठ्ठी समजून मेडिकलमध्ये जाईल." तोंडी सांगायचं म्हटलं की मला घाम फुटायचा, म्हणून तर मी लिहायचे. आताही त्याचसाठी लिहिते आहे. तोंडी सांगायची वेळ होती तेव्हा सांगितलं नाही.

वही तुमचीच आहे. तुमच्या कपाटात दवाखान्यातल्या तीन कोऱ्या वह्या निघाल्या, रकाने आखलेल्या. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते वर छापलेलं आहे. मी ते वाचत नाही, आडवं लिहीत चालले आहे.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. घर पहिल्यासारखं चालायला लागलं. मी मात्र अजून सकाळी तीन कप चहा टाकते. तिसरा कप गार झाला की मीच पिऊन टाकते. थकले आहे, आक्का. काम वाढलं म्हणून नाही, काम तर कमी झालं. भांडी घासताना हात थांबतात, आणि किती वेळ थांबले ते कळत नाही.

मला चावीचं सांगायचं आहे. गाडीची चावी तुम्ही हरवली नव्हती. ती मी लपवली होती.

हे वाक्य लिहून पेन ठेवला, तो चार दिवस वही उघडलीच नाही. आज उघडली आहे तर पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत असलं तरी ऐका. माझ्या बाजूने तुम्ही कधी ऐकलेलं नाही, कारण मी कधी बोललेच नाही.

तुम्ही हरसूलकडच्या दवाखान्यातून रिटायर झालात आणि आमच्या शेजारची खोली घेतलीत, तेव्हा मी घाबरले होते. नणंद दाराशी येऊन राहणार म्हणजे काय ते मी माहेरी नामपूरला बघितलं होतं. आईची नणंद उंबऱ्यावर बसून भाजीतलं मीठ मोजायची. तुम्ही आलात आणि चौथ्या महिन्यात एक लहान पांढरी जुनी गाडी विकत घेतलीत. एका डॉक्टरची होती, चावीसुद्धा एकच होती तिला. आयुष्यभर पाड्यांवर पायी फिरलेली नर्स साठीला आल्यावर गाडी शिकायला लागली, म्हणून गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "हसा, हसा. कुणाला अर्ध्या रात्री कळा आल्या की मलाच हाक माराल."

मग ह्यांचं आणि तुमचं ते भांडण. दर वेळी तेच, शब्दसुद्धा तेच.

"आक्का, कुठे जायचं आहे तुला? तिकडे देव आहे का कुठला? लग्न आहे? कोणी मेलं आहे?"

"झाडं आहेत."

"झाडं इथे पण आहेत. तो बघ, चिंच आहे कंपाउंडात."

"दाम्या, एका चिंचेवर तुझं भागतं. माझं नाही भागत."

"पेट्रोल काय पाण्याच्या भावाने मिळतं?"

"तुझ्या खिशातलं आहे का?"

नुसतं बघायला जायचं हे ह्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. खरं सांगते, माझ्याही बसत नव्हतं. माणूस घराबाहेर पडतो तो कशासाठी तरी. मग तुम्ही कारण काढलंत. म्हणालात, नागली आणायला जातो. गावात नाचणी म्हणून देतात ती नागली चांगली नसते, वाघेऱ्याच्या बाजूला बायका घरची देतात. ह्यांना ते कारण पटलं. मला सोबत न्यायचं तर एक पोतं उचलायला माणूस हवं, एवढं पुरलं. पोतं कधी उचललं नाही. दोन किलो आणायचो. दर पंधरा दिवसांनी दोन किलो नागली, आणि घरात भाकरी बाजरीची. वर्षात सहा डबे भरले. हे एकदा डबे मोजून म्हणाले, "आपण दुकान टाकतो आहोत का?" तुम्ही म्हणालात, "नागलीला कीड लागत नाही, दाम्या. दहा वर्षं राहते. दुष्काळ पडला तर तुझीच पोरं खातील."

पहिल्या दिवशी पंपावर तुम्ही मला खाली उतरवलंत. मी दाराची कडी शोधत होते, तुम्ही हात लांब करून ती ओढलीत. म्हणालात, "तुझं काम हे. तो माणूस पाईप लावायच्या आधी मशीनवर शून्य आहे का ते बघायचं. नसेल तर ओरडायचं." मी म्हटलं, ओरडायचं कसं? "बरं, खोकायचं." माझी चौथी तिथे उपयोगाला आली. आकडे मला येतात. त्यानंतर प्रत्येक वेळी मी उतरून शून्य बघायचे आणि तुमच्याकडे बघून मान हलवायचे. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी नुसतं उभं राहून बघायचं काम दिलं नव्हतं.

लग्न होऊन नाशकात मला सव्वीस वर्षं झाली होती. मी काय बघितलं होतं? रामकुंड, भाजीबाजार, सरकारी दवाखाना, पोरांची शाळा बाहेरून. गिरणाऱ्याच्या पुढे गेल्यावर तुम्ही मोठा रस्ता सोडून धरणाच्या कडेने आत वळलात. एका वळणानंतर एकदम पाणी आलं. एवढं पाणी आणि त्याला काठावर कोणी नाही. ना धुणं धुणारं, ना दिवे सोडणारं, ना पैसे मागणारं. मी तुमचा हात धरला. घाबरले की मला माहेरची बोली येते. "आक्का, माले भ्याव वाटस."

"कशाचं भ्याव वाटस?" तुम्ही लगेच माझी नक्कल केलीत.

मला सांगता आलं नाही. एवढं मोठं काहीतरी आपल्याच घरापासून तासाभरावर होतं आणि आपण रोज भांडी घासत होतो, त्याचं ते भ्याव होतं. आज सांगते आहे.

पुढे तुम्ही प्रत्येक फेरीत मला चिडवायच्या. घाट आला की, "मंदे, भ्याव वाटस का?" मी मानेने नाही म्हणायचे. तुम्ही गाडीत फारसं बोलायच्या नाहीत. घरी एवढं बोलणारी बाई गाडीत नुसती "डावीकडे बघ" एवढं म्हणायची. डावीकडे कधी पळस पेटलेला असायचा, कधी शेणाने सारवलेल्या अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं, कधी काहीच नसायचं, फक्त उतार आणि त्याच्या खाली दुसरा उतार. मी विचारायचे, काय बघायचं? "ते बघून झाल्यावर सांग," म्हणायच्या.

तुम्हाला गर्दी आवडायची नाही. एकदा पावसाळ्यात आपण पहिन्याकडे गेलो होतो. तिथे धबधब्याखाली पोरं गाण्यावर नाचत होती आणि रस्त्यावर गाड्यांची रांग. तुम्ही गाडी वळवली ती एका कच्च्या रस्त्यावर. पुढे चिखल. गाडी रुतली. मी रडकुंडीला आले आणि तुम्ही डब्यातून भाकरी काढून मला म्हणालात, "आधी खाऊ. रुतलेली गाडी कुठे जात नाही." खाऊन होईपर्यंत पाड्यावरची चार माणसं आली. त्यातली एक म्हातारी तुमच्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, "शिस्टर! तू हाय का? आता गाडीत बसतं व्हय, चालत नाय येत?" तिच्या तिन्ही लेकी तुमच्या हातावर झालेल्या. गाडी बाहेर निघाली, पण आपण तास-दीड तास निघालो नाही. तिने कोरा चहा दिला. तुम्ही तिच्या सुनेचं पोट बघितलंत. परत येताना माझ्या मांडीवर तिने दिलेली काकडी होती, आणि मला वाटत होतं की सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा मी कुठेतरी गेले आणि आले.

हे झालं ऋणाचं. आता दुसरं.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतरची फेरी. वाघेऱ्याचा घाट उतरताना डाव्या हाताला वळणावर एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालत होती. मला ती लांबूनच दिसली. लाल लुगडं होतं. मला वाटलं तुम्हाला पण दिसली असेल. गाडी हळू होईना. मी तोंड उघडलं, आक्का. शपथेवर सांगते, उघडलं. आवाज निघाला नाही. गाडीचा आरसा मोळीला लागला, बाई बाजूच्या गवतात बसली आणि काटक्या सगळ्या रस्त्यावर पसरल्या.

तिला लागलं नाही. तुम्ही उतरून तिचे हात, पाय, मान सगळं तपासलंत. मग खाली बसून एकेक काटकी गोळा केलीत, मोळी बांधून तिच्या डोक्यावर दिलीत. ती म्हणाली, "शिस्टर, मी तुला दिसले नाय का?"

तुम्ही म्हणालात, "ऊन डोळ्यावर आलं गं."

ऊन आपल्या पाठीमागे होतं.

गाडीत बसल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तुला दिसली होती?" मी खाली बघितलं. तुम्ही गाडी सुरू केलीत. घरापर्यंत एकदाही डावीकडे बघ म्हणाला नाहीत. तेव्हा मला मागच्या दोन महिन्यांतलं सगळं आठवायला लागलं. तुम्ही चहाचा कप घेताना बशीच्या बाहेर हात न्यायच्या. बाजूने कोणी आलं की दचकायच्या. समोरचं तुम्हाला नीट दिसत होतं, बाजूचं जात होतं. तुम्ही नर्स होत्या. तुम्हाला कळलं नसेल असं कसं म्हणू?

मी तुम्हालाच सांगायला हवं होतं. तुम्हीच सांगितलेली गोष्ट आहे. एका पाड्यावर एका माणसाला छातीचा आजार निघाला आणि घरचे म्हणाले, त्याला सांगू नका. तुम्ही त्याला समोर बसवून सांगितलंत. "तोंडावर सांगितलं की माणूस रडतो, मंदे. पण मग औषध घेतो. पाठीमागे सांगितलेल्याने कोणी बरं होत नाही." हे मी तुमच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तरी मी पाठीमागेच सांगितलं. ह्यांना सांगितलं.

हे पांढरे पडले. म्हणाले, उद्या कोणी गाडीखाली आलं तर? म्हणाले, ती स्वतः दरीत गेली तर? तुमच्यावर त्यांचा जीव होता, आक्का. फक्त तुमच्यासमोर उभं राहायची त्यांची हिंमत नव्हती, आईनंतर तुम्हीच त्यांना वाढवलं म्हणून. "मी सांगितलं तर ती मलाच चार ऐकवेल आणि उद्या पहाटे गाडी काढेल. तू चावी ठेव कुठेतरी. आठ दिवस शोधेल, मग विसरेल."

चावी तुमच्या खिळ्याला होती, दाराच्या मागे. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी ती काढली आणि नागलीच्या सगळ्यात खालच्या डब्यात हात कोपरापर्यंत घालून तळाशी ठेवली. कारण नागली आम्ही खात नव्हतो. तो डबा कोणी उघडणार नव्हतं.

तुम्ही विसरला नाहीत. पहिल्या दिवशी खोली झाडून काढलीत. दुसऱ्या दिवशी गाद्या. मग पर्सा उलट्या केल्या, देव्हारा हलवला, पिठाच्या डब्यात हात घातला. मी तुमच्याबरोबर शोधत होते. पलंगाखाली वाकून टॉर्च धरत होते. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. लपवण्यापेक्षा जास्त.

आठव्या दिवशी तुम्ही शोधायचं थांबवलंत, आणि मला वाटलं सुटले. पण तुम्ही दुसरंच काहीतरी सुरू केलं होतं. कॅलेंडरवर रोज संध्याकाळी तुम्ही काहीतरी लिहायच्या. एकदा जवळ जाऊन वाचलं. सकाळी पोहे. दुपारी मेथी. मंदाच्या माहेरचा फोन, तिचा भाऊ बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न बघता आठवतं का ते तुम्ही तपासत होत्या. आणि बाजेवर बसून डोळे मिटून म्हणायच्या, "गिरणारे. धोंडेगाव. वाघेरा. हरसूल." परत उलटं, हरसुलापासून. पोरीने पाढे म्हणावेत तसं. मी दारात उभी होते. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "मंदे, माझं डोकं चाललं आहे का गं? चावी मी खिळ्याला लावली होती. मला दिसते आहे लावलेली."

तेव्हा सांगायचं होतं. दोन पावलं होती तुमच्यापर्यंत. मी म्हटलं, "वयात होतं असं, आक्का."

असं कसं म्हणाले मी?

मग तुम्ही मला बाराशे रुपये दिलेत. हळू आवाजात, दार लोटून. "दाम्याला कळू देऊ नको. स्टँडाजवळ चावी करणारे बसतात, एखाद्याला घरी घेऊन ये. कुलूप बघून करतात ते." मी पैसे घेतले आणि गेलेच नाही. भाजी घेऊन परत आले आणि म्हटलं, "ते म्हणाले, या गाडीची चावी आता होत नाही, फार जुनी आहे." तुम्ही मान हलवलीत. पैसे परत मागितले नाहीत. मीही दिले नाहीत. कारण परत द्यायचे तर तुमच्या डोळ्यात बघावं लागलं असतं. ते पुडीत बांधून ठेवले होते. पुढच्या महिन्यात सिलिंडर संपला आणि ह्यांची दाढ दुखली, त्यात ते गेले. चोरीचे पैसे घरात राहत नाहीत म्हणतात, ते असं.

त्यानंतर वर्षभर तुम्ही कुठे गेला नाहीत. गाडीवर चिंचेचा पाला पडत राहिला. तुम्ही तिच्याजवळ खुर्ची टाकून बसायच्या, जशी एखादी म्हैस आजारी असावी. ह्यांनी एकदा म्हटलं, "आक्का, वणीला जाऊ, भाड्याची गाडी करतो." तुम्ही म्हणालात, "देवीला माझं काय काम आहे? मी तिला बघितली आहे." ह्यांना राग आला. मला कळलं होतं. तुम्हाला कुठे पोचायचं नव्हतं, तुम्हाला जायचं होतं.

आणि एक दिवस जेवताना तुम्ही ते विचारलंत. बाजरीची भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता. "नागली संपत आली असेल ना गं?"

हे म्हणाले, "कुठे? सहाचे सहा डबे तसेच आहेत."

"नाही, म्हटलं कधीतरी सगळ्यात खालचा डबा पण काढावा. खालचं खालीच राहतं." आणि तुम्ही पाणी प्यायलात.

आक्का, तुम्हाला माहीत होतं का? मला रोज वाटतं की माहीत होतं. मग वाटतं, नाही, तुम्हाला फक्त फेरीची आठवण आली होती. माहीत होतं तर का नाही ओरडलात माझ्यावर? मला बोलायला जागा करून देत होत्या का? डबा उघडायचा होता, हात घालायचा होता आणि तुमच्या पानाशेजारी चावी ठेवायची होती. मी तुम्हाला भात वाढला.

दहाव्याला रामकुंडावर मी ठरवून गेले होते. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा लोक एकेक पुढे होऊन बोलतात, तुमचं हे करू, ते करू. माझं ठरलं होतं. कावळा थांबला की मी पुढे होणार, माणसं असोत नाहीतर कोणी असो, मोठ्याने सांगणार की चावी मी घेतली. तोंडात वाक्य तयार होतं. पिंड ठेवला, ह्यांनी हात जोडून मागे पाऊल घेतलं, आणि कावळा आला. एवढ्यात. दोन कावळे आले. सगळे म्हणाले, "चला, आक्कांची कसलीच इच्छा राहिली नव्हती." सगळ्यांचा जीव हलका झाला. मी तिथेच वाक्य गिळलं. तुम्ही तिथेसुद्धा माझी वाट बघितली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलणार होते, आक्का.

घरी आल्यावर मी नागलीचे डबे काढायला घेतले. वरून एकेक. दळून आणली, पीठ उकडलं, पापड लाटले. मागच्या गल्लीतल्या सुरेखाने ते तिच्या ऑफिसात विकले, मला विकता आले नसते. तुम्ही म्हणाला होता ते खरं, एकाही डब्यात कीड नव्हती. प्रत्येक डब्यात हात घातला की मला ती ती फेरी आठवायची. ही चिखलाच्या दिवशीची. ही पळसाच्या वेळची. ही त्या लाल लुगड्याच्या पंधरा दिवस आधीची. पैसे मी वेगळे ठेवत गेले. सहावा डबा उलटा केला आणि चावी परातीत पडली.

ती घेऊन मी ह्यांच्यासमोर ठेवली. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "नागली संपली."

"दुकानात मिळते."

"वाघेऱ्याची पाहिजे."

त्यांनी पेपर खाली केला. "गाडी विकायची ठरली आहे. गिऱ्हाईक येणार आहे पुढच्या आठवड्यात."

"त्याच्या आधी जाऊ. गाडी चालवता येते तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी एवढी लांब वाक्यं बोलत नाही. मेकॅनिक आला, बॅटरी बदलली, डब्याने थोडं पेट्रोल ओतलं. रविवारी आम्ही निघालो. मी तुमच्या जागेवर नाही, माझ्याच जागेवर बसले होते. आरशाला अजून मोळीचा ओरखडा आहे.

धरणाचं पाणी निळं होतं, काठावरचं गवत सोनेरी झालेलं. भाताची कापणी होऊन गेली होती, खळ्यांवर पेंढा रचलेला. हे सुरुवातीला बोलत होते, टायर, रस्ता, खड्डे. मी म्हटलं, डावीकडे बघा. त्यांनी बघितलं. "काय आहे?" थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "आक्का इथून पायी जायची, पाऊस असला तरी. मी कॉलेजला होतो, पैसे मागायला यायचो. एकदा पण मी तिच्याबरोबर चाललो नाही."

घाटातल्या त्या वळणावर मी गाडी थांबवायला सांगितली. सगळं सांगितलं, बाराशे रुपयांचं पण. ते म्हणाले, "मी सांगायला हवं होतं. मी तुला पुढे केलं." बस, एवढंच. एका बाईकडून दोन किलो नागली घेतली. तिने विचारलं, शिस्टर नाय आली? मी म्हटलं, नाही, ती गेली. तोंडावर सांगितलं. ती खाली बसली आणि रडली, आणि मग तिने पदराने डोळे पुसून आणखी ओंजळभर नागली घातली.

परत येताना गाडीचा काटा तळाला आला होता. गंगापूर रोडच्या पंपावर हे म्हणाले, शंभरचं टाकू, घरापर्यंत पुरेल. मी दाराची कडी ओढून खाली उतरले.

"बाराशेचं टाका," मी त्या माणसाला म्हटलं.

हे आतून म्हणाले, "अगं, विकायच्या गाडीत कोणी एवढं भरतं का? गिऱ्हाईकाच्या बापाचं आहे का?"

"मग तोवर संपवू आपण," मी म्हटलं.

त्या माणसाने पाईप हातात घेतला आणि मशीनकडे बोट केलं. "ताई, शून्य बघून घ्या."

मी बघितलं, आक्का. शून्य होतं. मग आकडे पळायला लागले आणि मी उभी राहून ते सगळे बघितले, एकसुद्धा सोडला नाही. बाराशेवर मशीन थांबलं. पापडाचे पैसे मी त्याच्या हातात मोजून दिले, दहा-दहाच्या नोटा पण होत्या त्यात. त्याने परत मोजले आणि म्हणाला, "बरोबर आहेत. पूर्ण आले."